खाडीच्या हवेतली शेगडी

आमच्या लेकीच्या घरी काचेची शेगडी आहे. बटण फिरवलं की टकटक करून पेटते. ती पुसायला वेगळी बाटली, वेगळं फडकं, आणि वर्षातून एकदा कंपनीचा माणूस येतो. तो हातमोजे घालून ती उघडतो आणि घरातल्यांनी लांब उभं राहायचं. परवा मी म्हटलं, कशाला बोलावतेस त्याला, दे इकडं, मी उघडते. तर म्हणते, "आई, राहू दे गं, तुला नाही कळायचं त्यातलं." मला शेगडीतलं कळायचं नाही. ऐकून घेतलं, करता काय. पण डोकं फिरलं ते फिरलंच. जी पोरगी मला हे सांगत होती तिला जन्मल्यापासून शेकलं कशावर, तर तुर्भे गावातल्या त्या जुन्या शेगडीवर. म्हटलं, आता लिहूनच ठेवते.

नव्वद साल उलटून थोडीच वर्षं झाली होती. आमचे हे कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते, पाठीवर गोण्या वाहायचे. मी लग्न करून साताऱ्याकडून आलेली. मार्केटपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर, तुर्भे गावात एका आगरी बाईच्या घरात आमची भाड्याची खोली होती. गावाच्या भोवती सेक्टर उठले होते, सरळ रस्ते, नंबर घातलेल्या बिल्डिंगा. गावात मात्र अजून बोळ होते, अंगणं होती, पलीकडच्या आळीत म्हशींचा तबेला होता. भरती आली की खाडीचा वास घरात यायचा. सुरुवातीला मला मळमळायचं त्या वासानं. आता कधी वाशीच्या पुलावरून जाताना तो आला की मी खिडकीची काच खाली करते.

घरमालकिणीला आम्ही काकी म्हणायचो. नवरा गेलेला. सेक्टरांसाठी सरकारनं जमिनी घेतल्यावर पोरं वाशीला फ्लॅट घेऊन राहिली, ही मात्र गाव सोडून हलली नाही. आडवं नेसलेलं लुगडं, कपाळ मोकळं, आणि आवाज असा की बोळाच्या तोंडाशी बोलली तर मला खोलीत ऐकू यायचं.

गॅससाठी तेव्हा नंबर लावून बसावं लागायचं. आमचा नंबर कुठं अडकला होता देव जाणे. मी रॉकेलच्या स्टोव्हवर भाकरी करायची आणि हे रोज जेवताना तोंड वाकडं करायचे. एकदा मी म्हटलं, वास येतोय तर मार्केटातच जेवून या. काकीनं ते भांडण भिंतीपलीकडून ऐकलं असणार. तिच्याकडं गॅस होता, पण ती जन्मभर चुलीवरच शिजवत आलेली. मग दमा लागला, डॉक्टरनं चूल बंद करायला लावली. त्या भांडणानंतर एके दिवशी तिनं आपली शेगडी आणि सिलिंडर आमच्या खोलीत आणून ठेवलं.

"माज्या एकटीसाठी कशाला पेटवायची? तू भाकऱ्या टाक, मला दोन दे. सांजच्याला माजी जाळी ठेवू दे. बास."

जाळी म्हणजे तारेची गोल जाळी, बोंबील भाजायची. काकीला रोज संध्याकाळी भाकरीबरोबर सुका बोंबील लागायचा, विस्तवावर भाजलेला. बाकी काही नसलं तरी चालेल. पोरांकडं वाशीला ती दोन दिवसांवर टिकायची नाही, कारण सोसायटीतले लोक वासाला नाकं मुरडतात म्हणून सून बोंबील दारातसुद्धा येऊ द्यायची नाही. "सगलं हाय तिकडं," काकी म्हणायची, "फक्त मला भूक नाय लागत."

शेगडी जुनी होती. दोन बर्नरची, पत्र्याची, कधीकाळी पांढरा रंग असलेली. बर्नर मात्र पितळेचे, जड, हातात घेतले की वजन कळायचं. बोंबलाला मीठ, बोंबलाला तेल. ते ठिबकायचं आणि भोकांत जाऊन बसायचं. त्यात मी भाकरीचं पीठ उडवायची. आठवड्यात जाळ पिवळा पडायचा, भाकरी फुगायच्या आधी काळी व्हायची. म्हणून दर रविवारी आमच्या अंगणात शेगडीची आंघोळ. सिलिंडरचं रेग्युलेटर बंद करायचं, नळी सोडायची. वरच्या जाळ्या, खालचा पत्र्याचा ट्रे, बर्नर, सगळं सुटं करून पाटावर मांडायचं. बर्नर चिंचेच्या कोळात बुडवून ठेवायचे, मग राखेनं घासायचे. मग सुई घेऊन एकेक भोक मोकळं करायचं. सगळं उन्हात कोरडं होऊ द्यायचं, कारण ओला बर्नर लावला की जाळ फडफडतो. शेवटी नळीच्या जोडावर साबणाचा फेस लावून बघायचा, फुगा आला तर गॅस गळतोय. काकी पायरीवर बसून हुकूम सोडायची, मी खाली बसून करायची. पेटवल्यावर निळा जाळ गोल उभा राहिला की ती म्हणायची, "बग, पोरगी न्हाली."

मला ते रविवार आवडायचे. हे सरळ सांगते. चिंचेचा वास, हाताला लागलेली राख, काकीची अखंड बडबड. एवढ्या मोठ्या परक्या गावात माझं म्हणावं असं ते पहिलं काम होतं.

मग मला दिवस राहिले. माझी आई मी लहान असतानाच गेलेली, माहेरी करायला कोणी बाई माणूस नाही. बाळंतपण काढणार कोण, तर आत्याबाई. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात. त्यांच्या हाताखाली अख्ख्या आळीची बाळंतपणं निघालेली. पण त्या माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, आणि ज्या घरात मासमटण शिजतं तिथं पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत. सख्ख्या भाचीच्या घरी गेल्या होत्या, चुलीजवळ अंड्याचं टरफल दिसलं, तशाच पावली परत आल्या. आता त्यांना आमच्याकडं काही महिने राहायचं होतं, जेवायचं होतं, आणि आमच्या एकुलत्या शेगडीवर रोज संध्याकाळी बोंबील.

ह्यांना म्हटलं, तुम्ही त्यांना काय सांगितलंय? तर म्हणे, "सांगितलं, आपल्याकडं सगळं शुद्ध असतं. तू टेन्शन नको घेऊ." टेन्शन नको घेऊ. पोट माझं, सासू माझ्या डोक्यावर येणार, आणि हे पहाटे उठून मार्केटात. त्या फिरून परत गेल्या असत्या तर मी एकटी काय करणार होते? मला रात्र-रात्र त्याच विचारानं झोप लागायची नाही.

काकीला मी काही सांगितलं नव्हतं, पण भिंतीपलीकडून तिला सगळं ऐकू जायचं. तिनंच एका रविवारी, मी बर्नर घासत असताना, जाळी उचलली आणि आपल्या खोलीत नेऊन खुंटीला टांगली.

"तुजी सासू हाय तवर मी भाजनार नाय. घास नीट. पितळ आरशासारखं दिसू दे."

मी घासलं. दोनदा चिंच, दोनदा राख, वर लिंबू. पोट आडवं येत होतं तरी ट्रेखाली हात घालून पुसलं. इतकी चकचकीत शेगडी त्या घरात कधी झाली नव्हती.

आत्याबाई आल्या. डिंक, खोबरं, बाळंतशेपा, जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांचं गाठोडं घेऊन आल्या. पहिल्याच संध्याकाळी मी भाकऱ्या टाकत होते आणि त्या शेजारी बसून जाळाकडं बघत होत्या. निळ्या जाळात मधूनच नारिंगी ठिणगी उठत होती. मीठ जळलं की तसं होतं. कितीही घासा, मीठ कुठं ना कुठं राहतंच.

"जाळ असा पिवळा-पिवळा का मारतोय गं?" त्यांनी विचारलं.

मी भाकरी थापतच राहिले. काकी दारातच उभी होती, आपल्या दोन भाकऱ्या न्यायला आलेली. ती शांतपणे म्हणाली, "खाडीची हवा हाय. मीठ वाऱ्यातनं येतं."

आत्याबाईंनी मान हलवली. मला वाटलं, सुटले.

आत्याबाईंची एक सवय मी विसरले होते. आमच्याकडं बाई पहाटे उठली की आधी चूल सारवते, मगच विस्तव पेटवते. चूल नसली म्हणून हात थोडाच गप्प बसतो? दुसऱ्या दिवशी पहाटे, हे मार्केटला गेल्यावर, त्यांनी शेगडी उचलली. मी घासली होती तिथं सगळं चकचकीत होतं. पण ट्रेची पत्र्याची कड दुमडलेली होती, तिच्या आत माझं बोट जात नव्हतं. त्यांनी तिथं काडी घातली आणि बोंबलाच्या जबड्याचा जळका तुकडा बाहेर आला, बारीक दातांसकट.

मी जागी झाले तेव्हा त्या तो तुकडा कागदावर ठेवून बसल्या होत्या. मला बघून उठल्या. कागद गुंडाळून बाहेर टाकून आल्या, हात धुतले आणि तबेल्याच्या दिशेनं गेल्या. परत आल्या तेव्हा हातात शेणाचं घमेलं. अंगणातली माती त्यात कालवली, फडक्याचं पोतेरं केलं आणि शेगडी सारवली. वरून, खालून, बर्नर, जाळ्या, सगळी, चूल सारवतात तशी. वर हळदकुंकू वाहिलं. नशीब, रात्री मी रेग्युलेटर बंद केलं होतं.

मी तोंडाला पदर लावून बघत राहिले. मला कळत होतं त्या काय करताहेत. भाचीच्या घरातून त्या उभ्या पावली निघाल्या होत्या. इथून निघाल्या नव्हत्या. माझ्यासाठी राहता यावं म्हणून त्या शेगडी शुद्ध करून घेत होत्या. त्यांना अडवायचं माझ्या जिवावर आलं.

सारवण वाळल्यावर म्हणाल्या, "लाव आता."

मी काडी ओढली. काही नाही. दुसरी ओढली. एका बाजूला एवढीशी पिवळी जीभ आली, फुरफुरली आणि विझली. दुसरा बर्नर तर पेटलाच नाही. खोलीत जळक्या शेणाचा आणि गॅसचा वास सुटला, मी घाईनं रेग्युलेटर बंद केलं.

आत्याबाई खाली बसल्या. त्यांचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

"बघ," त्या म्हणाल्या, "देवालाच पसंत न्हाई. म्या काय करू? सांजच्याला त्यो आला की मला गाडीत बसवून द्या."

मला रडूच फुटलं. आवाज करून रडले, लाज धरली नाही. काकी पलीकडून धावत आली, तिला वाटलं कळा सुरू झाल्या. तिनं मला बघितलं, आत्याबाईंना बघितलं आणि मग शेगडीकडं बघितलं. पितळेचे बर्नर शेणामातीनं लिंपलेले आणि वर कुंकवाचं बोट. दुसरं कोणी असतं तर हसून लोळलं असतं. काकी हसली नाही.

"देवाला काय करायचंय त्यात. भोकं बुजलीत. भायेर घ्या ती, मी सुया आनते."

"तुमची शेगडी हाय व्हय ही?" आत्याबाईंनी विचारलं.

"माजी हाय. आनि बोंबील पन माजाच. या पोरीचा काय संबंद नाय. आदी हे साफ करू, मग कुटं जायाचं तिकडं जावा."

दोघी अंगणात पाटावर बसल्या. मला खाली बसवत नव्हतं, मी पायरीवर, काकीच्या जागेवर. आज हुकूम सोडायला कोणी नव्हतं. शेणाचे पोपडे निघाले, बर्नर चिंचेत बुडाले, मग एकेक बर्नर मांडीवर घेऊन दोघी सुईनं भोकं उकरू लागल्या. सुयांचा कुरकुर आवाज येत होता. मग आत्याबाई मान वर न करता म्हणाल्या, "कवापासनं सोडलंय?"

"काय?"

"त्येच. भाजायचं."

"तुमी यायाच्या आदी."

"माज्यापायी?"

"हिच्यापायी," काकीनं माझ्याकडं बोट केलं. "हिला आय नाय."

पुन्हा सुयांचा आवाज. मग आत्याबाई म्हणाल्या, "मग जेवता कशासंगं?"

"वरन. डाल."

"जातंय व्हय जेवान त्याच्यासंगं?"

काकीनं भोकातली माती फुंकून टाकली. "नाय जात," ती म्हणाली.

आत्याबाईंनी सुई पुढच्या भोकात घातली. बर्नर उन्हात कोरडे झाले, जागेवर बसले. मी काडी ओढली आणि निळा जाळ गोल उभा राहिला. त्यात एखाददुसरी नारिंगी ठिणगी होतीच. आत्याबाई ती बघत होत्या. मी काडी हातातच धरून उभी. मग त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "पिठाचा डबा काढ. मला भूक लागलीया." त्या दिवशी काकीच्या दोन भाकऱ्या त्यांनी स्वतः थापल्या.

आमची लेक वाशीच्या दवाखान्यात झाली. घरी आल्यावर आत्याबाईंनी मला काही करू दिलं नाही. त्या शेगडीवर डिंकाचे लाडू झाले, बाळंतशेपाचं पाणी उकळलं, दुपटी तव्यावर गरम करून पोरीचं पोट शेकलं. शेगडी रोज पुसली जायची, रविवारी उघडली जायची, आणि आता भोकं उकरायला दोघी असायच्या. शेणाचं नाव कोणी काढलं नाही. काकीची जाळी तिच्या खोलीत खुंटीलाच होती, तिच्यावर धूळ बसलेली मला दिसायची. मी एकदा म्हटलं, काकी, शेजारच्या घरात जाऊन भाजून आणते. तर म्हणाली, "शब्द दिला तो दिला."

त्यानंतर काकी तापानं पडली. थंडी वाजून येणारा ताप, खाडीकाठी तो घरोघर असायचा. ताप उतरला पण तोंडाची चव गेली ती गेली. आठवडा झाला तरी अन्न पोटात जाईना. पोरं येऊन सफरचंदं ठेवून गेली. आत्याबाईंनी पेज करून पाहिली, मऊ खिचडी करून पाहिली, लसणाची चटणी वाटून दिली. काकी एक घास घ्यायची आणि ताटली सरकवायची. तिचे हात काड्यांसारखे झाले होते. मला भीती वाटायला लागली, ही बाई अशी बघता-बघता जाते की काय.

त्या संध्याकाळी मी पोरीला पाजत होते. आत्याबाई काकीच्या खोलीतून आल्या, हातात खुंटीवरची जाळी आणि कागदात गुंडाळलेले बोंबील. मला वाटलं मला भाजायला सांगतील, म्हणून मी पोरीला खाली ठेवायला लागले.

"बस तिथंच. पोरीला पोटभर पिऊ दे."

त्यांनी गळ्यातली माळ पोलक्याच्या आत सारली. पदर नाकावरून घेऊन डोक्यामागं घट्ट बांधला. जाळी बर्नरवर ठेवली, चिमट्यानं एकेक बोंबील धरून मांडला. आयुष्यात पहिल्यांदा. तोंड दुसरीकडं, डोळ्यांतून पाणी, आणि पदराच्या आतून मला विचारताहेत, "किती भाजायचं असतंय गं हे?" मी म्हटलं, लाल झाले की उलटा. लाल झाले का ते बघायला पाहिजे ना. बघतच नव्हत्या त्या. करपले. तसेच ताटलीत घातले, शेजारी गरम भाकरी ठेवली आणि ताटली माझ्या हातात दिली.

"तू ने. म्या केलंय म्हणून सांगू नगंस."

काकीनं वासानंच डोळे उघडले. भिंतीला टेकून बसली, भाकरीचा तुकडा मोडला, बोंबील तोंडात घातला आणि कितीतरी दिवसांनी मला तिचा खरा आवाज ऐकू आला.

"कोलसा केलास गं. एवडे दिस माज्याजवळ राहून तुला बोंबील भाजता येत नाय?"

मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण माझी जीभ कधी माझं ऐकते? म्हटलं, "मी नाही भाजले. आत्याबाईंनी भाजले."

काकीचा घास हातातच राहिला. ती दाराकडं बघत बसली. मग पदरानं डोळे पुसले आणि खायला लागली. सगळी भाकरी खाल्ली, सगळे बोंबील खाल्ले. करपून ताटलीला चिकटलेला चुरासुद्धा बोटानं पुसून घेतला.

मी परत आले तर आत्याबाईंनी शेगडी उघडली होती. बर्नर चिंचेत, सुई हातात. ताटली रिकामी बघितली, मान हलवली आणि पुन्हा भोकं उकरायला लागल्या. त्यानंतर जाळी कायमची आमच्या शेगडीजवळ आली. रोज संध्याकाळी आधी आत्याबाईंचं जेवण व्हायचं, मग त्या पोरीला घेऊन अंगणात बसायच्या आणि आतून बोंबलाचा वास येईपर्यंत उठायच्या नाहीत.

त्याच आठवड्यात हे मार्केटातून आले, हातपाय धुऊन जेवायला बसले. आत्याबाई भाकरी शेकत होत्या. जाळात नारिंगी ठिणग्या उठत होत्या, नेहमीपेक्षा जास्तच. ह्यांनी मुलखाच्या भोळेपणानं विचारलं, "आई, जाळ असा पिवळा का गं दिसतोय?"

मी दारात उभ्या असलेल्या काकीकडं बघितलं, काकीनं माझ्याकडं.

"खाडीची हवा हाय," आत्याबाई म्हणाल्या. "मीठ वाऱ्यातनं येतं." आणि त्यांनी भाकरी उलटली.